अपेक्षा : काही नाही

मावशी शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाली आणि पुढच्याच दिवाळीत तिनं सोलापुरात भवानी पेठेतल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र उघडलं. उघडलं म्हणजे दारावर पाटी लावली, प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि काकांचं जुनं टेबल भिंतीला सरकवलं. काम तिला नवं नव्हतंच. नोकरीत असतानाही ती लग्नं जुळवायची. कुणाचा मुलगा पुण्याला लागला, कुणाच्या घरात धाकट्याचं आधी झालं आणि थोरला राहिला, हे सगळं तिला तोंडपाठ असायचं. माझं लग्नही तिनंच जुळवलेलं. आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं, त्यामुळं अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी माणसंही तिच्याकडं मोकळेपणानं यायची.

काका गेल्यापासून ती एकटीच होती. नवऱ्याला इथल्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून मी पुण्याहून सोलापूरला परत आले होते आणि माझ्या कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली होती. दुपारी मीटिंगा संपल्या की मी लॅपटॉप घेऊन मावशीकडं जाऊन बसायची. पलीकडच्या गल्लीत पॉवरलूम चालायचे. त्यांच्या खटखटीची इतकी सवय झाली होती की आवाज थांबला की मान वर व्हायची, वीज गेली वाटतं म्हणून.

एक दिवस मावशी म्हणाली, “तू दिवसभर त्या कंप्युटरसमोर बसतीस. माझं एक काम कर की.”

“काय?”

“ह्या फायली बघ. एक मुलगी घ्यायची, तिच्या घरच्यांच्या अपेक्षा वाचायच्या, मग सगळ्या मुलांच्या फायली उपसायच्या. माझे डोळे गेले. तुझ्या यंत्राला करता येईल का?”

येणार होतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे अगदी पहिल्या वर्षाचं काम. एका बाजूला अटींची यादी, दुसऱ्या बाजूला मुलगा. यादीतली प्रत्येक अट घ्यायची आणि हा मुलगा तिच्यात बसतो का ते बघायचं. उंची बसते? पुढं. शिक्षण बसतं? पुढं. दारू पीत नाही? पुढं. एका जरी अटीला ‘नाही’ आलं की तिथंच थांबायचं, बाकीच्या अटी बघायचीही गरज नाही, हे स्थळ बाद. शेवटपर्यंत कुठंच ‘नाही’ आलं नाही, तर स्थळ जुळतं. सगळ्या अटी पूर्ण होतात का हे विचारणारं तयार फंक्शनच असतं. ते ‘हो’ शोधत नाही, ‘नाही’ शोधतं. ‘नाही’ सापडलं नाही, की ‘हो’ म्हणतं.

मी दोन-तीन रविवारांत तो प्रोग्राम लिहिला. मावशीनं सांगितलं की आधी मुलींकडच्या अपेक्षांचं कर, मुलांकडच्यांचं मागनं बघू. कारण तिच्या म्हणण्याप्रमाणं हल्ली मुलांकडच्यांची एकच अपेक्षा उरली होती, मुलगी मिळावी. स्थळ जुळलं की दोन्हीकडं व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आपोआप जायचा. निरोपाचा मजकूर मावशीनं स्वतः सांगितला, शाळेच्या नोटिशीसारखा. मुलाकडं जायचा तो असा : ‘आपले स्थळ वधूच्या सर्व अपेक्षा पूर्ण करते. कृपया पुढील बोलणीसाठी संपर्क साधावा.’ खाली मुलीकडचा फोन नंबर.

सुरुवातीला प्रोग्रामनं मावशीची निराशाच केली. बहुतेक मुलींसाठी तो एकही स्थळ दाखवीना. अपेक्षाच इतक्या असायच्या. बाजार समितीत अडतीचं दुकान असलेले एक गृहस्थ मुलीसाठी आले होते. मुलगा इंजिनियर पाहिजे, पुण्यात फ्लॅट पाहिजे, गावाकडं बागायत पाहिजे, पण तो शेती करणारा नको, आईवडील असावेत पण गावी असावेत. मी बटण दाबलं. कुणी नाही. ते म्हणाले, “उंचीचं काढा.” काढलं. कुणी नाही. “बरं, बागायत नसली तरी चालंल.” तरी कुणी नाही. मग ते माझ्याकडं संशयानं बघायला लागले.

ते गेल्यावर मावशी म्हणाली, “तुझं यंत्र म्हणजे नुसती नकारघंटा हाय. मी हातानं केलं असतं तर एक-दोन तरी काढली असती.”

“कशी?”

“एखाद्या अपेक्षेकडं काणाडोळा करून. सगळ्या कुणाच्या पुऱ्या होतात गं?”

तिचं खरं होतं, पण प्रोग्रामला काणाडोळा करायला मी शिकवलं नव्हतं.

मग जवळच्या कुंभारी गावचा एक माणूस आला. पस्तिशी-चाळिशीचा, टॉवेलच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारा. बहिणीचं नाव नोंदवायचं म्हणाला. बहीण एका दवाखान्यात नर्स होती. नवरा आजारानं गेला होता, एक मुलगी होती शाळेत जाणारी. बहीण आणि भाची दोघी ह्याच्याच शेजारी, दोन खोल्यांत राहायच्या. आईवडील थकलेले. हे सगळं त्यानं नीट, न लपवता सांगितलं. मावशीला ते आवडलं. मग मावशीनं विचारलं, “तिच्या अपेक्षा काय आहेत?”

“तिच्या?” तो म्हणाला. “तिच्या काय अपेक्षा असणार काकू? पदरात पोर हाय. कुणी चांगला मिळाला म्हंजी झालं. लिवा, काही न्हाय.”

मी समोरच बसले होते. अपेक्षांचे सगळे रकाने मी रिकामे सोडले. फोन नंबर त्यानं बहिणीचाच दिला, कारण शिफ्टवर असताना त्याला फोन उचलता येत नसे.

त्या दिवशी मावशी खूश झाली. इतके दिवस नकार देणाऱ्या यंत्रानं एकदम केंद्रातली सगळीच्या सगळी स्थळं दाखवली. पडदा खाली खाली सरकवावा तरी नावं संपेनात. मावशी म्हणाली, “बघ, अपेक्षा कमी असल्या की कसं असतं.” मी तेव्हा पुण्याच्या कुणाच्या तरी मेसेजला उत्तर लिहीत होते. मी नुसतं हं म्हणाले.

दोन दिवसांनी दुपारी ती नर्स स्वतः आली. रिक्षातून उतरली ती थेट दारात. ड्युटीवरूनच आली असावी, कारण खांद्याला डब्याची पिशवी होती आणि केसांना जाळी तशीच. चपला काढल्या, आत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “इथं लग्नं जुळवतात ते तुम्हीच का?”

मावशी म्हणाली, “हो. बस की बाई. पाणी देऊ?”

“पाणी नको. मला फोन येतायत. परवापासून सारखे येतायत. वॉर्डात पेशंट बघू का फोन घेऊ? सिस्टर बोलल्या मला. आणि येतो तो म्हणतो, तुम्हीच मला पसंत केलंय म्हणे.” तिनं फोन पुढं केला. “माझ्या बापाच्या वयाचा एक माणूस. म्हणतो, तुमच्या सगळ्या अपेक्षा मी पूर्ण करतो. एक जण म्हणतो नोकरी कधी सोडताय. एकानं तर पोरीला कुठं ठेवणार ते विचारलं. जशी काय पिशवी आहे ठेवायला.”

मी तो निरोप वाचला. आपले स्थळ वधूच्या सर्व अपेक्षा पूर्ण करते. केंद्रात नाव असलेल्या प्रत्येक पुरुषाला तो गेला होता.

“कुठल्या अपेक्षा?” ती म्हणाली. “मला कुणी विचारलं?”

मावशीनं माझ्याकडं बघितलं. “अगं, यंत्र चुकलं का?”

खरं म्हणजे यंत्र चुकलं नव्हतं, आणि तेच सांगणं अवघड होतं. मी म्हणाले, “मावशी, समज तुझ्या त्या लोखंडी कपाटात एकही साडी नाही. आणि मी म्हणाले, ह्या कपाटातल्या सगळ्या साड्या इरकली आहेत. तर ते खरं का खोटं?”

“रिकाम्या कपाटात कसली इरकल?”

“पण खोटं ठरवायचं तर इरकल नसलेली एक तरी साडी काढून दाखवायला पाहिजे. ती काढता येत नाही. म्हणून कंप्युटर खरं धरतो. ह्यांच्या यादीत एकही अट नाही. कुठलाही मुलगा घेतला तरी त्याला नाही म्हणायला काही सापडत नाही. म्हणून सगळ्यांना हो.”

“हे वकिली बोलणं झालं,” मावशी म्हणाली.

ती बाई मात्र लक्ष देऊन ऐकत होती. रागात होती, पण ऐकत होती. ती म्हणाली, “म्हणजे मी काही बोलले नाही, म्हणून मला सगळे पसंत.”

“हो,” मी म्हणाले.

ती खाली बसली. खुर्चीच्या टोकावर. मावशीनं उठून पाण्याचा तांब्या आणला, आणि मग त्या बाईच्या बोलण्यातल्या एका-दोन शब्दांवरून तिला काय लक्षात आलं कुणास ठाऊक, तिनं एकदम कन्नडमध्ये विचारलं, “निनग एन बेक?” तुला काय पाहिजे?

तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. पण उत्तर आलं ते सवयीचं. “ननग एनू ब्याडरी.” मला काही नको.

“काही नको म्हणालीस म्हणून तर एवढं रामायण झालं,” मावशी मराठीवर आली. “आता बोल. लग्न तरी करायचंय का? का तेही भावानंच ठरवलंय?”

“करायचंय,” ती म्हणाली, आणि स्वतःच जरा चमकली. मग सावकाश बोलू लागली. नोकरी सोडणार नाही. ही पहिली. मुलगी तिच्याजवळच राहणार, मामाकडं ठेवायची नाही. सोलापूर सोडायचं नाही, कारण मुलीची शाळा इथं आहे. दारू नको. इथवर माझ्याकडं रकाने होते आणि मी भरत गेले. मग ती थांबली. मावशीनं विचारलं, “अजून?”

“पोरगी बापाचं नाव काढते,” ती म्हणाली. “जेवताना काढते, गणित अडलं की काढते. पप्पांना हे यायचं म्हणते. ते कुणी थांबवायचं नाही. माझ्यासाठी नाही म्हणत मी. मी गप्प बसीन. पण तिला कुणी गप्प करायचं नाही.”

माझ्याकडं ह्याचा रकाना नव्हता. मी शेरा म्हणून एक मोकळी जागा ठेवली होती, तिथं ते तिच्या शब्दांत लिहिलं. तिनं वाकून पडद्यावर वाचलं आणि मान हलवली.

जाताना तिनं विचारलं, “आता ज्यांना निरोप गेलाय त्यांचं काय?”

“त्यांना मी बघते,” मावशी म्हणाली. आणि तिनं बघितलं. संध्याकाळपर्यंत ती एकेकाला फोन करून सांगत होती की निरोप चुकीनं गेला, त्या बाईंना फोन करू नये. तो बापाच्या वयाचा माणूस ऐकेना. मावशी त्याला म्हणाली, “तुमच्या मुलाचं नाव नोंदवायचं असलं तर घेऊन या.” मग त्यानं फोन ठेवला.

मी घरी जाऊन प्रोग्राम बदलला. बदल लहानसा होता. यादी रिकामी असेल तर ‘हो’ही नाही की ‘नाही’ही नाही, तिथं लाल अक्षरांत ‘अजून विचारलेले नाही’ असं यावं आणि निरोप जाऊ नये. अजून भरायच्या राहिलेल्या जुन्या फायलीही त्यात भरल्या आणि आठवड्यानं मावशीला दाखवलं तर लाल अक्षरं एकाच नावापुढं नव्हती. बऱ्याच नावांपुढं होती. विधवा, घटस्फोटित, वय वाढलेल्या मुली, आणि एक पाय अधू असलेली एक शिक्षिका. पहिल्याच लग्नाच्या, शिकलेल्या मुलींच्या याद्या मात्र भरगच्च.

मावशीनं एकेका नावावर बोट ठेवत ती यादी वाचली. मग म्हणाली, “ह्या सगळ्यांच्या घरच्यांनीच सांगितलंय मला. आणि मीच लिहून घेतलंय.”

पुढचे काही आठवडे तिचं तेच चाललं. ती फोन करायची आणि घरच्यांना सांगायची, मुलीकडं द्या. मुलगी आली की विचारायची, तुला काय पाहिजे. कुणी लाजायचं, कुणी ‘आईला विचारा’ म्हणायचं. त्या शिक्षिकेनं एवढी मोठी यादी सांगितली की मावशीला दुसरा कागद घ्यावा लागला. एक बाई म्हणाली, “मला लग्नच करायचं नाही, पण आईला सांगू नका.” मावशीनं तिच्या आईला फोन करून सांगितलं की सध्या योग दिसत नाही, दोन वर्षं थांबा. मी म्हणाले, “मावशी, आपल्याकडं कुठं पत्रिका बघतो?” ती म्हणाली, “तिच्या आईला कुठं माहितीय?”

नर्सच्या भावाला हे सगळं कळलं तेव्हा तो आला. चिडला नव्हता, पण बेचैन होता. टोपी हातात घेऊन फिरवत म्हणाला, “काकू, तुमी तिला विचारलं ते बरं केलं. पण एवढ्या अटी घातल्यावर कोण येणार? उद्या आमी नसलो तर दोघींनी कुणाकडं बघायचं? आई रोज इचारती मला.”

“तुला तिचं ओझं होतंय का?”

“न्हाय हो,” तो दुखावला. “ओजं कसलं? ती पगार आणती. माझ्या पोरांच्या फिया तिनं भरल्यात. म्हणून तर वाटतं की तिचं काईतरी व्हावं.”

“मग तिला पाहिजे तसं होऊ दे की.”

त्यानं टोपीची घडी घातली. मग म्हणाला, “पप्पांचं नाव काढायचं ते… ते आमच्या घरात पण चालत न्हाय. माझी बायको म्हणती, पोरीला सवय लागती. मी गप बसतो.” आणि तो उठून गेला.

त्या नर्ससाठी प्रोग्राम बरेच महिने कुणाला दाखवीना. मावशी आता यंत्राला नकारघंटा म्हणत नव्हती. उन्हाळा आला, नळाला पाणी आणखी जास्त दिवसांआड यायला लागलं, लग्नसराई सुरू झाली. मग टेंभुर्णीच्या एका माणसाचं नाव आलं. हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. बायको काही वर्षांपूर्वी वारलेली, मूल नाही. धाकटा भाऊ दुकानात असल्यामुळं सोलापुरात राहून जाऊन-येऊन करायची तयारी. रकान्यांतल्या सगळ्या अटी त्यानं पूर्ण केल्या. शेऱ्यातली राहिली होती. ती मावशीनं फोनवर विचारली. मी शेजारीच होते. मग तो म्हणाला, “त्यात काय विचारायचं? पोरगी बापाचं नाव काढणारच की.”

मावशीच्या घरी भेट ठरली. तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. ती भावाबरोबर आली, मुलीला आणलं नव्हतं. मावशीनं पोहे केले होते. नर्सनं विचारलं ते त्यानं सगळं सांगितलं. नोकरी? चालेल. रात्रपाळी? चालेल. मुलगी? आपलीच. राहायचं? सोलापुरात. दुकानातला माणूस जसा मागितलेला भाग काढून पुढं ठेवतो तसं. तासाभरानं ते गेले. भाऊ जाताना हसत होता.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “नको,” ती म्हणाली.

मावशीनं फोन स्पीकरवर टाकला, बहुधा मला साक्षीला धरायला. “अगं, सगळं जुळतंय की! तुझी एकेक अट त्यानं मान्य केली. पोरीचं पण.”

“हो काकू. जुळतंय. पण नको.”

“कारण तरी सांग.”

“त्यांनी मला काही विचारलंच नाही,” ती म्हणाली. “तासभर मीच विचारत होते. पोरगी कितवीत आहे एवढं सुद्धा विचारलं नाही. मी त्यांना कशी पण चालते, असं मला वाटलं. मला तसं नको.”

मावशीनं फोन ठेवला आणि ती माझ्यावरच घसरली, जणू मीच नाही म्हणाले होते. “आता काय करायचं? हिची यादी हिनंच केली, त्यात बसणारा आणला, तरी नको!” मी म्हणाले, प्रोग्राम एवढंच सांगतो की नाही म्हणायला यादीतलं काही सापडलं नाही. लग्न कर असं तो म्हणत नाही. “मग उपयोग काय त्याचा?” मावशी म्हणाली आणि आत जाऊन भांडी आदळत बसली.

भाऊ दोन दिवस बहिणीशी बोलला नाही, हे आम्हाला नंतर कळलं. टेंभुर्णीला निरोप देणं मावशीवर आलं. ती असले निरोप गोड शब्दांत द्यायची, पण ह्या वेळी का कुणास ठाऊक, तिनं जे होतं ते सांगून टाकलं. तुम्ही तिला काही विचारलं नाही म्हणून ती नाही म्हणाली.

तो म्हणाला, “बाई, मला वाटलं, ती आधीच एवढं सोसून आलीय. त्यात मी बसून चौकशा करायच्या, किती शिकल्या, किती कमावता, नवरा कशानं गेला… बरं दिसतं का ते? मी वाटेत ठरवूनच आलो होतो की काही विचारायचं नाही.”

मावशीनं मला ते शब्दाशब्दानं सांगितलं. मग तिनं नर्सला फोन केला आणि तेही शब्दाशब्दानं सांगितलं, आपल्याकडचं काही न घालता. मग ती म्हणाली, “त्यांना म्हणावं, रविवारी घरी या. पोरगी असेल.”

त्या रविवारी आम्ही नव्हतो. जे झालं ते भावाकडून कळलं. तो माणूस कुंभारीला आला, आणि आल्या आल्या मुलीला विचारलं की तुला ट्रकचं काय काय ओळखता येतं. तिनं सांगितलं, काही नाही. मग तिनं विचारलं, तुम्हाला अपूर्णांक येतात का. तो म्हणाला, दुकानात पाऊण इंची, अर्धा इंची नट विकतो, तेवढे येतात. मुलगी वही घेऊन आली. मग तो बाईकडं वळला आणि विचारायला लागला. तुम्हाला रात्रपाळी आवडते का दिवसपाळी. पेशंट गेला की घरी येऊन तुम्ही काय करता. ह्याचं उत्तर तिनं दिलं तेव्हा भाऊ उठून बाहेर गेला होता, म्हणून ते त्याला माहीत नाही. तो म्हणाला, “मी परत आत गेलो तवा चहा गार झाला हुता आनि दोघं पन रडल्यासारखी दिसत हुती. मी म्हणलं, मोडलं. पण न्हाय, तसं नव्हतं ते.”

ते आणखी तीन-चारदा भेटले. मग तिनं हो म्हणून कळवलं, मावशीला नाही, मला. व्हॉट्सअ‍ॅपवर, एका ओळीत.

लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. जेवण कुंभारीला, भावाच्या दारात मांडव घालून. गव्हाची गोड हुग्गी होती, कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, आणि मांडवाखालीसुद्धा ऊन लागत होतं. भाऊ स्वतः वाढत होता. त्याची बायको मुलीच्या केसांत गजरा माळत होती आणि मुलगी तिला सांगत होती की पप्पांना मोगरा आवडायचा नाही, त्यांना शिंका यायच्या. बायकोचा हात क्षणभर थांबला. मग तिनं “व्हय का?” असं विचारलं आणि पिन लावली. मावशी माझ्या शेजारी जेवत होती. तिनं हुग्गी तीनदा घेतली, मधुमेह असूनही.

त्या लग्नामुळं केंद्राचं नाव झालं असं नाही. तशी माणसं येतात, जातात. मावशी आता नाव नोंदवायला आलेल्याला सांगते, मुलीला घेऊन या, नाहीतर फोन लावून द्या. काही जण त्यावरून परत जातात. पलीकडच्या पेठेत दुसरं केंद्र आहे, तिथं असलं काही विचारत नाहीत. मुलांकडच्या अपेक्षांचा भाग मी अजून लिहितेच आहे. तिथंही रिकामे रकाने पुष्कळ निघाले. एका शेतकऱ्याच्या मुलाला मावशीनं विचारलं तेव्हा तो आधी हसला, मग म्हणाला, “माज्याशी बोलणारी पायजे. आमच्या घरात कुणी बोलत न्हाय.” मावशीनं ते लिहून घेतलं. त्याचं अजून जमलेलं नाही.

गेल्या महिन्यात मला एका कामासाठी पंढरपूर रोडकडं जायचं होतं म्हणून सकाळी एसटी स्टँडवर उभी होते. टेंभुर्णीची गाडी लागत होती. गर्दीत नर्सचा नवरा दिसला, हातात डबा, खांद्यावर पिशवी. मला बघून जवळ आला. म्हणाला, ती रात्रपाळी करून आत्ताच आलीय, झोपलीय. मुलीला शाळेत सोडून मी निघालो. आज तिचा गणिताचा पेपर आहे.

“तयारी झालीय का?” मी विचारलं.

“ती म्हणती झालीय. मला तर तिच्यापेक्षा जास्त भीती वाटायला लागलीय,” तो म्हणाला. तेवढ्यात गाडी लागली आणि लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरायला लागले. तो डबा छातीशी धरून त्यांच्यात घुसला.